एका तिकिटावर दोघी

धान घरात आलं की आमच्या गावात भोंगा फिरतो. एक जुना ऑटो, टपावर दोन कर्णे, आणि आतून कोणीतरी सर्दी झालेल्या आवाजात सांगत असतं, "या हो या, कबड्डीचे भव्य खुले सामने, महिलांसाठी बसण्याची वेगळी सोय." यंदाही फिरला. मी अंगणवाडीत खिचडीचं पातेलं उतरवत होती. लेकरं दाराकडे पळाली, त्यांच्यामागे मीही पदराला हात पुसत गेली. दरवर्षी हा आवाज आला की माझ्या पायाची बोटं आपोआप जमीन धरतात. यंदा तसं काही झालं नाही. राग आला. बिचाऱ्या भोंग्यावर रागावून काय उपयोग, पण आला खरा.

हे दिवसच असे असतात. धानाची शेतं, आमच्या बांध्या, रिकाम्या झालेल्या, कापलेल्या धानाचे सड पायाला टोचतात आणि त्यांच्या मधूनच लाखोरीची रोपं हिरवीगार वर आलेली असतात. तळ्याचं पाणी थोडं मागं सरतं आणि काठावरचा चिखल सुकून त्याला भेगा पडतात. सगळ्या गावाला तणसीचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, वास. केसात तणीस, चहात तणीस, अंथरुणात तणीस. तळ्याजवळची एक बांधी सामन्यांसाठी ठरलेली. आधी सड उपटायचे, मग कुदळायचं, मग माती चाळायची, पाणी मारायचं आणि पुन्हा चाळायची. आम्ही पोरी चाळणी धरायला जायचो, कारण माती चाळणाऱ्याला पहिल्या संध्याकाळी त्या मातीवर खेळायला मिळायचं. ती माती पिठासारखी मऊ आणि थंडगार असायची. त्यावर पहिलं पाऊल टाकताना अंगावर काटा यायचा, आणि अजूनही, चाळीस पोरींचे गुडघे फुटताना पाहून झाले तरी, येतो.

मी विशाखा. आमचं घर विहाराच्या बाजूच्या वस्तीत, माझ्या मैत्रिणीचं, दुर्गाचं, तळ्याच्या पाळीखाली. त्यांची धानाची शेती, आणि माझी माय त्यांच्याच बांधीत रोवणीला जायची. त्यामुळे आम्ही दोघी पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, धरायला शिकलो त्याच वयात एकमेकींचा हात धरायलाही शिकलो. शाळेच्या संघात मी डाव्या कोपऱ्यात आणि माझ्या बाजूला ती. तिचा डावा हात माझ्या उजव्या हातात. कबड्डीत याला साखळी म्हणतात. समोरून चढाई करणारी आली की आम्ही दोघी एका श्वासात मागं सरायचो, एका श्वासात पुढं. आमचे खेळाचे गुरुजी फार बोलणारे नव्हते. एवढंच म्हणायचे, "पडल्या तरी चालंल, हात सोडला तर सरळ घरी जा." आम्ही पुष्कळदा पडलो. हात कधी सोडला नाही.

आता तिकिटाचं सांगते, कारण सगळं त्यावरच अडलेलं आहे. मोठे संघ यायचे आमच्याकडे, नोकरीतले खेळाडू, रंगीत जर्सी, पायात खरे बूट. त्यामुळे बांबूच्या गॅलरीला तिकीट. कागदाचं तिकीट नव्हतं, मनगटावर जांभळा शिक्का मारायचे. आम्हा दोघींजवळ मिळून एकाच शिक्क्यापुरते पैसे असायचे. मग गावात एक रीत होती, कोणी घालून दिली माहीत नाही. अर्ध-अर्ध. एकजण आत जाणार, दुसरी बाहेर दोघींच्या चपला सांभाळत उभी राहणार. मध्यंतराची शिट्टी वाजली की आतलीनं उठायचं, बाहेर यायचं, ओल्या बोटानं शिक्का पुसट करून मनगट मनगटावर दाबायचं. जांभळा रंग इकडून तिकडे. फाटकावर दुर्गाचे वामनकाका बसायचे. त्यांना सगळं दिसायचं. ते म्हणायचे, "हा शिक्का उलटा काहून दिसून राहिला वो?" आणि वर बघत बसायचे, तोवर दुसरी आत.

पण रीत म्हणजे रीत. मध्यंतर झालं की उठायचं. आत काय चाललंय, आपला संघ किती मागं आहे, शेजारणीनं शेंगदाण्याची पुडी उघडली आहे का, काही बघायचं नाही. मी एकही मुलगी अशी ऐकली नाही जी आत बसून राहिली. एकदा तर दुर्गा मध्यंतराच्या आधीच बाहेर आली. मी विचारलं, काहून वो, अजून वेळ आहे ना. तर म्हणते, "तुले थंडी वाजत असंल म्हणून निघाली." माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं तेव्हा. मी तिला दाखवलं नाही, पण आलं होतं.

जेव्हा अर्ध्या शिक्क्याचेही पैसे नसायचे तेव्हा आम्ही ऐकायचो. धान वाहून आणलेली ट्रॉली मैदानामागे उभी असायची, तिच्यावर चढलं की गॅलरीच्या फटीतून चुन्याची एक रेष आणि काही पाय दिसायचे. फक्त पाय. पण पायांवरून कळतं सगळं. कोण घाबरली, कोण खोटं घाबरली, कोण आता झेप घेणार. समालोचन करणारे मास्तर भजे खात खात बोलायचे, अर्धी वाक्यं भज्यात जायची. उरलेलं आम्ही आमच्या मनानं भरायचो. फुकट बघणाऱ्याला जास्त दिसतं असं मला तेव्हा वाटायचं. आता इतकं खात्रीनं म्हणवत नाही.

मग नागपूरचं कळलं. आठ-नऊ वर्षं झाली असतील. देशभरातले व्यावसायिक खेळाडू नागपूरच्या मोठ्या बंदिस्त स्टेडियममध्ये येणार, मॅटवर, दिव्यांखाली, टीव्हीवर दाखवतात तसे. एका दुपारी आधी पुरुषांचा सामना आणि त्यानंतर बायकांचा. बायकांचा. हा शब्द मी वर्तमानपत्रात तीनदा वाचला. त्या बायकांमध्ये एक होती डाव्या कोपऱ्यात खेळणारी. तिचं नाव सांगत नाही, तिला यात कशाला ओढायचं. उंचीनं माझ्याएवढीच, काळीसावळी, केस घट्ट बांधलेले. एकदा टीव्हीवर ती अर्धा मिनिट दिसली होती, दुर्गाच्याच घरी, आणि त्या अर्ध्या मिनिटात तिनं पाठमोऱ्या पळणाऱ्या एकीचा घोटा असा धरला की मी हातातला चहा सांडला. मला वाटायचं कोपरा म्हणजे उरलेल्या पोरीला उभं करायची जागा. तिच्यामुळे कळलं की कोपऱ्यातूनही सामना चालवता येतो.

आणि माझं लग्न ठरलेलं होतं. गावातच, चार गल्ल्या सोडून. माणसं चांगली, पण होणाऱ्या सासूबाईंनी आधीच हसत हसत सांगितलं होतं, "ते चड्डी घालून खेळनं आता बंद करजो, बाई." मी हाव म्हटलं होतं. नाही म्हणायची हिंमत नव्हती आणि खरं सांगायचं तर कारणही सापडत नव्हतं. खेळून मला काय मिळणार होतं, हे मला कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. मला फक्त बंद करण्याआधी एकदा बघायचं होतं. जिथं मी उभी राहते तिथं उभी राहिलेली, पूर्ण वाढलेली, पगार घेणारी एक बाई. दुर्गाला हे सगळं माहीत होतं. तळ्याच्या पाळीवर बसून मी तिलाच सांगितलं होतं, आणखी कोणाला सांगणार.

म्हणून वाटणी अशी झाली. पुरुषांचा सामना तिचा, बायकांचा माझा. तिनंच सुचवलं. "तुह्यासाठीच तं चाललो आपण," असं म्हणाली. मी धान कापणीला गेली होती त्या मजुरीत एक तिकीट आलं, सगळ्यात वरच्या रांगेचं. बसभाडं तिच्या आईनं दिलं, कॉलेजात फॉर्म भरायला म्हणून. सकाळच्या बसनं पवनीहून निघालो. भिवापूर, उमरेड, खिडकीची काच बसत नव्हती आणि दोघींनी एकच शाल पांघरली होती. डब्यात पोळ्या आणि वांग्याचं सुकं. दुर्गा सगळ्या रस्त्यानं बोलत होती. माझ्या पोटात इतका आनंद होता की तोंड उघडलं तर सांडेल असं वाटत होतं.

फाटकावर पहिला धक्का. शिक्का नव्हताच. त्यांनी तिकीट फाडलं आणि दुर्गाच्या मनगटाला कागदाची पट्टी चिकटवली, ओढली तर फाटणारी. आम्ही एकमेकींकडे बघितलं. खेड्यातली अक्कल खेड्यात चालते, दुसरं काय. आत पाणी नाही, डबा नाही, सुटे पैसेसुद्धा नाही, सगळं बाहेर ठेवा म्हणाले. मग तिनं डबा, पिशवी, शाल, सगळं माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, पट्टी हळूहळू थुंकी लावून काढ, आत वेळच वेळ आहे तुला. ती म्हणाली, "काढन ना. तू फक्त इथून हालू नको. या फाटकापासून जरासुद्धा नाई. मी बाहेर आली आन तू दिसली नाई तं एवढ्या गर्दीत कुठं शोधू तुले?" मी म्हटलं, हलणार नाही.

नाही हलली. भिंतीला टेकून उभी राहिली, पायाशी पिशवी, खांद्यावर दोघींची शाल. आतून आवाज यायचा तो आमच्या मैदानासारखा नव्हता. आमच्याकडे माणसं ओरडतात, इथं सगळी इमारत ओरडायची. मध्येच एकदम शांत, मग भडका. मी शांततेवरून ओळखायची की चढाई चालू आहे. एक पोळी खाल्ली, तिच्यासाठी तीन ठेवल्या. पुरुषांचा सामना संपला तेव्हा लोकांचा लोंढा बाहेर आला, आणि मी टाचा उंच करून प्रत्येक चेहरा बघत राहिली. लोंढा संपला. दुर्गा नव्हती. शाळेच्या पोरींची एक रांग कोणी बाई इमारतीला वळसा घालून पलीकडे घेऊन गेल्या. मला वाटलं, त्यांचे पास असतील. फाटकावरचा शिपाई माझ्याकडे दोनदा बघून म्हणाला, "उधर से जाओ ना, इधर काहे को खड़ी हो?" मला वाटलं हाकलतोय. मी म्हटलं, मेरी सहेली आ रही है. तो खांदे उडवून गेला.

मग आत पुन्हा आवाज सुरू झाला. हा आवाज वेगळा होता, पातळ, थोड्या माणसांचा. त्यात शिट्ट्या कमी आणि पोरींचे आवाज जास्त. मला कळलं की माझा सामना सुरू झाला. मी दारापाशी गेली, शिपायानं हातानंच मागं केलं. परत भिंतीपाशी आली. त्या भिंतीचा पिवळा रंग नवा होता, माझ्या शालीला लागला, नंतर धुऊनही गेला नाही. सामना संपेपर्यंत मी तिथं उभी होती. परतीच्या बसचे पैसे माझ्याच जवळ होते, मनात आणलं असतं तर निघून गेली असती. पण बिचारी बाहेर येईल आणि मी दिसणार नाही, हेच डोक्यात.

दुर्गा आली ती धावत. मनगटावर पट्टी तशीच. माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "निघालीच नाई वो पट्टी. बाहेर पडली तं परत आत घेत नाई म्हणे. मंग दोघी बी बाहेर राहिलो असतो. मी काय करू, सांग." तिचे डोळे भरले होते. मी तिला समजावलं. होय, मी. म्हटलं, बरं केलं, एकीनं तरी पाहिलं. तिला पोळ्या दिल्या. तिनं तिन्ही खाल्ल्या.

बसमध्ये तिनं मला पूर्ण सामना सांगितला. आणि सांगावा तर दुर्गानंच. बसच्या दांडीला मध्यरेषा केलं, समोरच्या सीटवरच्या म्हातारबुवांना पंच केलं. माझ्या त्या कोपऱ्यातल्या बाईनं पहिल्या पाच मिनिटांत काहीच केलं नाही, नुसती उभी होती, हात खाली सोडून, जणू तिला खेळायचंच नाही. समोरचा संघ तिला विसरूनच गेला. आणि मग एक चढाईवाली तिच्या बाजूनं जरा जास्त खोल गेली, तेव्हा तिनं आधी गुडघा टेकला आणि मग हात घातला. आधी गुडघा, मग हात. उलट नाही. उमरेड येईपर्यंत मी तिला हे चार वेळा सांगायला लावलं. दुधाची तहान ताकावर म्हणतात, पण मी त्या ताकावर समाधानी होती. माणसाला सवय लागली की ताकही गोड लागतं.

त्यावर मी पुढची वर्षं काढली. लग्न झालं, पोरगी झाली, अंगणवाडीत लागली. सासूबाई गेल्या, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. शेवटी त्याच म्हणाल्या होत्या, पोरीले शिकव तुह्यावालं ते कबड्डी. मग मी गावातल्या पोरी जमवल्या, संध्याकाळी विहारामागच्या पटांगणात. डाव्या कोपऱ्यातल्या प्रत्येक पोरीला मी त्या बाईचा सामना सांगितला. हात खाली सोडून उभं राहा, विसरू दे तुला, आधी गुडघा. पोरी विचारायच्या, ताई, तुम्ही पाहिला हा सामना? मी कधी पाहिला म्हटलं नाही. पण ऐकला, असंही म्हटलं नाही. हातात मोबाइल आला तेव्हा शोधून बघितलं. त्या दुपारचा पुरुषांचा सामना आहे, पूर्ण आहे. बायकांचा कुठंच नाही. ती खेळाडूही आता खेळत नाही. तेव्हा तो सामना जगात दोनच ठिकाणी उरला होता असं मी समजत होती, दुर्गाच्या डोळ्यात आणि माझ्या कानात.

दुर्गा वनरक्षक झाली. धावण्यात तर ती होतीच पुढं. साकोलीकडे असते, सानगडीला घर केलंय, खाकी कपड्यात मोटरसायकलवर येते आणि गावाला तिचा अभिमान आहे. मलाही होता. मागच्या वर्षी आमच्या सामन्यांना तिलाच प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं. मी माझ्या पोरींना पहिल्या रांगेत नेऊन बसवलं आणि सांगितलं, नीट ऐका, ही माझ्या बाजूला उभी राहायची.

ती चांगली बोलली. पोरींनो, जिद्द पाहिजे, वगैरे. मग म्हणाली, "मी तुमच्याएवढी होती तवा बसनं नागपूरले गेली होती सामना पाहाले." मी पुढं सरकून बसली. आता माझं नाव येणार. तिनं पट्टी सांगितली, दिवे सांगितले. पुरुषांचा सामना झाल्यावर सगळं स्टेडियम कसं रिकामं झालं ते सांगितलं. "बायकांचा सामना पाहाले कोनीच थांबत नव्हतं. तवा तिथली एक बाई माईकवर बोलली, तीन नंबरचं फाटक उघडलं हाये, तिकीट नाई, पट्टी नाई, बाहेर तुमचं कोनी असंल तं बोलावून आना, खुर्च्या भरा. लोकं उठले बोलवाले. मले वरच्या रांगेतून खाली आनून मॅटच्या एकदम जवळ बसवलं होतं. मी म्हनलं, आता उठली तं ही जागा जाते. नाई उठली. सामना संपेपर्यंत हालली नाई. असं वेड पाहिजे, पोरींनो."

टाळ्या झाल्या. माझ्याही पोरींनी वाजवल्या. त्यातली डाव्या कोपऱ्यातली माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, तुम्ही सांगता तोच सामना ना हा?" मी मान हलवली. माझं नाव आलं नव्हतं. कोणी बाहेर होतं, हेही आलं नव्हतं. तीन नंबरचं फाटक म्हणजे इमारतीच्या पलीकडचं. शाळेच्या पोरी गेल्या ते. शिपाई म्हणत होता ते. माझ्या पायांनी पन्नास पावलं, जास्तीत जास्त साठ. मी तिला दिलेल्या शब्दावर उभी होती म्हणून तेवढी पन्नास पावलं चालली नाही.

भरवशाच्या म्हशीला टोणगा, अशी म्हण आहे आपल्याकडे. लोक हसत हसत म्हणतात. ज्याच्या गोठ्यात तो टोणगा होतो त्याला विचारा. मला त्या खुर्चीवर बसून ती हलली नाही याचा राग आला, पण तो राग मी गिळू शकली असती. वय लहान होतं, मॅट समोर होती, तिच्या जागी मी असती तर काय केलं असतं हे मी छातीला हात लावून सांगू शकत नाही. राग आला तो फाटकाबाहेरच्या रडण्याचा. तिचे भरलेले डोळे मी खांद्यावरच्या शालीनं पुसले होते. राग आला तो या गोष्टीचा की जे तिनं माझ्यापासून लपवलं ते आज तिनं माईकवर सांगितलं, आणि तिला लपवल्याचंही आठवत नव्हतं. केसानं गळा कापला म्हणतात तो असा, कापणाऱ्याच्या हाताला रक्तसुद्धा लागत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, मी इतकी वर्षं पोरींना जे शिकवत होती, ते मला त्या परतीच्या बसमध्ये, त्याच तोंडातून मिळालं होतं. ते मी आता फेकूनही देऊ शकत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

कार्यक्रम संपल्यावर ती मला शोधत आली. आली, हे मी कबूल करते. गळ्यात पाहुण्यांचा हार, हातात नारळ. मांडवाच्या मागे जिथं भज्यांची कढई लागली होती तिथं आम्ही दोघी उभ्या राहिलो. तिनं माझ्या मुलीचं विचारलं, मी तिच्या सासऱ्यांच्या गुडघ्याचं. मग ती म्हणाली, "कशी बोलली मी? तू तं काहीच म्हणून नाई राहिली."

मी खूप काही ठरवलं होतं. पण तिच्यासमोर उभी राहिल्यावर मला एकच गोष्ट हवी आहे असं वाटलं, आणि ती फार छोटी होती. तिनं फक्त, मी विसरली होती, एवढं म्हणायला हवं होतं. त्या दिव्यांत, त्या गोंधळात, वीस-बावीस वर्षांची पोर, बाहेर कोणी उभी आहे हे तिच्या डोक्यातून निघून गेलं असेल. जसं आज भाषणात निघून गेलं. विसरणं माणसाचं असतं. मी रोज काही ना काही विसरते. ती विसरली म्हणाली असती तर मी तिथंच, त्या कढईच्या धुरात, सगळं सोडून दिलं असतं आणि तिला घरी जेवायला नेलं असतं.

म्हणून मी विचारलं, "दुर्गे, ते बाई माईकवर बोलली ना, बाहेरच्याले बोलवा म्हणून. तवा मी आठवली काय तुले?"

तिनं नारळ या हातातून त्या हातात घेतला. दुर्गा खोटं बोलली असती तर चाललं असतं, पण आता ती खोटं बोलत नाही, मोठी झाली आहे, नोकरीत आहे.

"आठवली ना वो," ती म्हणाली. "पयली तूच आठवली. दोन-तीनदा आठवली." मग माझ्या तोंडाकडे बघून तिनं हळूच विचारलं, "तुले मालूमच असंल ना हे इतक्या वर्सापासून?"

"नाई," मी म्हटलं. "आज मालूम झालं."